निकाल कोणाचा लागतो?

दहावीच्या शालान्त परीक्षेचा निकाल हा महाराष्ट्रात आता निव्वळ शैक्षणिक प्रसंग राहिलेला नाही. तो एक सार्वजनिक सोहळा झाला आहे. मंडळाचे अध्यक्ष पुण्यात पत्रकारांपुढे आकडे वाचून दाखवतात, कोणता विभाग पहिला आला याची चर्चा होते, ‘यंदाही मुलींचीच बाजी’ हे शब्द वर्षानुवर्षे त्याच जागी छापले जातात आणि दुसऱ्या दिवशी खाजगी शिकवणीवर्गांच्या पानभर जाहिरातींत मुलामुलींचे हसरे चेहरे टपाल तिकिटांसारखे ओळीने चिकटवलेले दिसतात. २०२५ च्या मे महिन्यात जाहीर झालेल्या निकालात १५ लाख ४६ हजारांहून अधिक नियमित विद्यार्थी परीक्षेला बसले होते, त्यांपैकी ९४.१० टक्के उत्तीर्ण झाले. मुली ९६.१४ टक्के, मुलगे ९२.३१ टक्के. कोकण विभाग ९८.८२, नागपूर ९०.७८. शंभर टक्के गुण २११ जणांना, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक एकट्या लातूर विभागातील.

या २११ मुलांविषयी मराठी वाचकाला पुष्कळ काही वाचायला मिळाले. त्यांचे आवडते विषय, त्यांच्या अभ्यासाचे तास, त्यांच्या आयांनी सोडलेल्या नोकऱ्या. परंतु त्याच आकड्यांतून साधी वजाबाकी केली तर उरणाऱ्या ९१ हजारांवर मुलामुलींविषयी कोठेही एक ओळ आली नाही. एका मध्यम शहरातील सगळी माणसे भरतील एवढी ही संख्या आहे. ही मुले कोण, ती कोठल्या शाळांत शिकली, त्यांच्या शाळेत गणिताचा शिक्षक होता की नाही, निकालानंतरच्या आठवड्यात ती कोठे गेली, हे प्रश्न भांडवली वृत्तपत्रांना पडणार नाहीत हे समजण्यासारखे आहे. शिकवणीवर्गांच्या जाहिरातींवर पोसलेले पान नापास मुलाला जागा देईल अशी अपेक्षाही कोणी करू नये.

प्रश्न आपला आहे. निकालानंतर पंधरा दिवसांत आपल्याही कामगार संघटनांच्या कार्यालयांत, शेतमजुरांच्या आणि अंगणवाडी सेविकांच्या मेळाव्यांत ‘गुणवंत पाल्यांचा सत्कार’ होतो. लाल बावट्याखाली खुर्च्या मांडल्या जातात, ८० टक्क्यांच्या वरच्या मुलांची यादी वाचली जाते, पुष्पगुच्छ, प्रशस्तिपत्र, एखादे पुस्तक दिले जाते. सभासदांना ते आवडते, आणि कामगाराच्या मुलीने पंचाऐंशी टक्के मिळवले तर तिच्या बापाची छाती फुगावी यात गैर काहीच नाही. मात्र ज्या सभासदाचा मुलगा दोन विषयांत राहिला तो त्या संध्याकाळी सभेला येत नाही. तो रात्रपाळी मागून घेतो. आपण ज्यांची संघटना म्हणवतो, त्यांच्यातला निम्मा भाग आपण त्या दिवशी आपल्याच दाराबाहेर ठेवतो आणि तेथे लावलेली मोजपट्टी शिकवणीवर्गवाल्याचीच असते.

आकडा कोणाची परीक्षा घेतो?

निकालाची टक्केवारी म्हणजे मुलांच्या बुद्धीचे आणि मेहनतीचे माप, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. हा समज किती पोकळ आहे हे पाहण्यासाठी लांब जाण्याची गरज नाही. आपल्याच मंडळाची चार वर्षे पुरेशी आहेत. २०१८ साली दहावीचा निकाल ८९.४१ टक्के होता. २०१९ साली तो ७७.१० वर आला. एका वर्षात बारा टक्क्यांहून अधिक घसरण. साडेतीन लाखांहून अधिक मुले अनुत्तीर्ण. महाराष्ट्रातील पंधरा वर्षांची मुले एका वर्षात एकाएकी मंद झाली होती काय? झाले होते एवढेच की भाषा आणि सामाजिक शास्त्रे या विषयांत शाळेच्या हाती असलेले अंतर्गत मूल्यमापनाचे प्रत्येकी २० गुण शासनाने काढून घेतले होते. केंद्रीय मंडळांच्या मुलांना असे गुण मिळतच होते. अकरावीच्या प्रवेशात राज्य मंडळाची मुले मागे पडणार हे दिसताच पालकांत ओरड झाली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये शासनाने ते २० गुण परत दिले. पुढच्या वर्षी, २०२० मध्ये, टाळेबंदीमुळे भूगोलाचा पेपरच रद्द झाला आणि निकाल ९५.३० टक्के लागला. २०२१ मध्ये परीक्षाच झाली नाही; नववीचे आणि दहावीचे शाळेतले गुण जमेस धरून निकाल तयार केला गेला आणि तो ९९.९५ टक्के होता.

चार वर्षांत ७७ पासून जवळजवळ १०० पर्यंत. मुले तीच, मास्तर तेच, गावेही तीच. बदलला तो मंत्रालयातला कागद. तरीही २०१९ च्या जूनमध्ये जे नापास झाले त्यांना कोणी म्हटले नाही की बाबांनो, तुम्ही एका शासन निर्णयात नापास झालात. त्यांना सांगण्यात आले की तुम्ही अभ्यास केला नाही.

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील मराठी माध्यमाच्या शाळांतली मुले कर्नाटकच्या शालान्त परीक्षेला बसतात. त्यांनी हाच खेळ २०२४ साली अनुभवला. परीक्षागृहांत कॅमेरे बसवून थेट देखरेख सुरू झाली आणि राज्याचा निकाल ८३.८९ वरून ७३.४० वर उतरला. आणि हा ७३ चा आकडासुद्धा कृपागुणांची मात्रा त्या वर्षापुरती वाढवल्यानंतरचा. कॉपी बंद व्हावी याविषयी वाद नाही. परंतु कॅमेऱ्याची किंमत मोजायला सरकारकडे पैसा निघतो आणि रिकाम्या पडलेल्या शिक्षकांच्या जागा भरायला निघत नाही, तेव्हा त्या शिस्तीचा भार कोणाच्या पाठीवर पडतो हे उघड आहे.

आणखी एक गोष्ट. ९४ टक्के हे प्रमाण परीक्षेला बसलेल्यांचे आहे. पहिलीत ज्यांची नावे पटावर लागली त्यांचे नव्हे. बीड आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतून दिवाळीच्या आगेमागे बैलगाड्यांवर आणि ट्रॅक्टरवर कारखान्याकडे जाणारी ऊसतोड मजुरांची पोरे, त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहांच्या योजना कागदावर असल्या तरी, आठवीनववीपर्यंत कोयत्याला हात घालू लागतात. थोरल्या मुलींची लग्ने उरकली जातात, कारण फडावर पालात वयात आलेली पोर एकटी ठेवण्याची भीती असते आणि जोडीने उचल मिळते. या मुली निकालाच्या दिवशी कोणत्याच टक्केवारीत नसतात. ‘मुलींची बाजी’ या मथळ्याच्या छेदातूनच त्या वगळल्या गेलेल्या असतात. शहरांत हीच गाळणी निराळ्या रीतीने चालते. ज्या खाजगी शाळेला ‘शंभर टक्के निकालाची परंपरा’ फलकावर रंगवायची असते, ती शाळा कच्च्या मुलाला नववीत नापास करते, किंवा त्याच्या पालकाला बोलावून सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसवा असा सल्ला देते. शाळेचा निकाल शंभर टक्के लागतो. त्या मुलाचा निकाल आदल्या वर्षीच लागलेला असतो.

गुण, निकाल, पात्र

या अंकासाठी इतर भाषांतले लेख मराठीत आणताना एक गोष्ट वारंवार जाणवते. हिंदीत मुलाला ‘अंक’ मिळतात. अंक म्हणजे आकडा. मराठीत त्याला ‘गुण’ मिळतात. ज्या शब्दाने आपण माणसाचा स्वभाव, त्याचे चांगलेपण सांगतो त्याच शब्दाने आपण तपासनिसाने समासात लिहिलेली संख्याही सांगतो. ज्याला गुण कमी तो अवगुणी, हा निष्कर्ष काढायला मराठी माणसाला तर्काची पायरीसुद्धा चढावी लागत नाही. भाषेने ती आधीच बांधून ठेवली आहे. ‘निकाल’ही तसाच. न्यायालयाचा निकाल असतो, आणि एखाद्या गोष्टीचा ‘निकाल लावणे’ म्हणजे ती संपवून टाकणेही असते. शब्दांना वर्ग नसतो असे म्हणतात. परंतु कोणता शब्द कोणाच्या तोंडी कोणासाठी वापरला जातो, याला वर्ग असतो.

शासनालाही शब्दांचे महत्त्व कळते, हे नमूद केले पाहिजे. मध्यंतरी ‘नापास’ हा शेरा मुलांच्या मनाला लागतो म्हणून गुणपत्रिकेवरून तो काढून टाकण्यात आला आणि त्याच्या जागी ‘कौशल्य विकासासाठी पात्र’ अशा प्रकारचा शेरा आला. वरवर पाहता दयाळू सुधारणा. परंतु अनुवादकाच्या नजरेने ते वाक्य पुन्हा वाचावे. मूळ मजकूर आहे: या मुलाच्या शिक्षणाची जबाबदारी येथे संपली. अनुवाद आहे: हा मुलगा हाताच्या कामाला पात्र आहे. सुतारकाम, जोडारीकाम, वायरमनकी यांना जणू परीक्षेत न टिकलेल्यांसाठी राखून ठेवलेला मागचा दरवाजा मानणारी ही दृष्टी आपल्या देशात नवी नाही. ज्या समाजाने शेकडो वर्षे हाताने काम करणाऱ्याला शाळेच्या ओट्यावर चढू दिले नाही, त्या समाजाच्या गुणपत्रिकेवर ती आधुनिक लिपीत उमटली एवढेच. हात आणि मेंदू यांची ही फाळणी मिटवणे हा समाजवादी शिक्षणविचाराचा गाभा आहे, हे आपल्या वाचकांना नव्याने सांगावयास नको.

१८५९ साली मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक झाली तेव्हा उत्तीर्ण झालेल्या मूठभर तरुणांत महादेव गोविंद रानडे होते, रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. कारकून आणि अधिकारी निवडण्यासाठी साम्राज्याने बसवलेली ती चाळण होती आणि तिने आपले काम चोख केले. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीराव फुले यांनी नेमके याच व्यवस्थेवर बोट ठेवले होते: महसूल भरायचा शेतकऱ्याने, आणि त्या पैशावर उच्च शिक्षण घ्यायचे वरच्या जातींच्या मुलांनी. सर्वांना सक्तीचे प्राथमिक शिक्षण द्या, ही त्यांची मागणी त्या राजवटीने बाजूला टाकली. स्वातंत्र्यानंतर १९६४ ते १९६६ या काळात कोठारी आयोग बसला. त्याचे सदस्य-सचिव कोल्हापूरकडचे जे. पी. नाईक होते. सर्व वर्गांची मुले एकाच परिसरशाळेत शिकतील अशी समान शाळा पद्धती आणा, शिक्षणावरील खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्क्यांपर्यंत न्या, असे त्या आयोगाने सांगितले. आपल्या राज्यकर्त्यांनी त्या अहवालातून दहा-अधिक-दोन-अधिक-तीन हा आराखडा उचलला. त्यानुसार महाराष्ट्रात १९७५ साली दहावीची पहिली शालान्त परीक्षा झाली. समान शाळा आणि सहा टक्के मात्र अहवालातच राहिले. चाळण घेतली, धान्य वाढवले नाही.

उलट १९८३ पासून महाराष्ट्राने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना दार उघडून दिले, पुढे ‘कायम विनाअनुदानित’ हा अजब शब्द शाळांनाही लागला, २००० सालापासून शिक्षकाऐवजी तुटपुंज्या मानधनावर ‘शिक्षण सेवक’ आला, आणि २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पट असलेल्या १४ हजारांहून अधिक शाळांपुढे ‘समूह शाळे’चे भूत उभे करण्यात आले. ज्या वाडीवरची शाळा उठेल तेथल्या मुलीच्या दहावीच्या निकालाची चिंता करण्याचे कारणच उरणार नाही.

समान प्रश्नपत्रिका

‘प्रश्नपत्रिका सर्वांना एकच असते, मग अन्याय कोठे?’ हा युक्तिवाद आपल्या सभासदांच्या घरांतही ऐकू येतो. त्याचे उत्तर मार्क्सने १८७५ साली, गोथा कार्यक्रमावरील टीकाटिपणीत, दुसऱ्या संदर्भात देऊन ठेवले आहे. असमान परिस्थितीतल्या माणसांना एकाच मापाने मोजणारा हक्क वरून समान दिसतो आणि प्रत्यक्षात असमानतेचाच हक्क ठरतो, असे त्याचे प्रतिपादन होते. नंदुरबारच्या आश्रमशाळेतली मुलगी आणि लातूरच्या नामांकित वर्गात दोन वर्षे आधीपासून बसलेला मुलगा यांच्यापुढे एकाच सकाळी एकच इंग्रजीचा पेपर ठेवणे म्हणजे हीच समानता. ज्या घरात इंग्रजीचे वर्तमानपत्र येत नाही, ज्या घरात अभ्यासाला बसायची जागा म्हणजे शेजाऱ्याच्या गच्चीवरचा दिवा, त्या घरातील मुलाला ३५ गुण मिळाले तर त्याचे मोल काय, हे सांगणारे माप मंडळाकडे नाही.

आणि ज्याने ९८ टक्के मिळवले त्याचे काय होते? टपाल खाते ग्रामीण डाकसेवकांची निवड दहावीच्या गुणांवरच करते. मुलाखत नाही, वेगळी परीक्षा नाही. साहजिकच निवड यादीत नव्वदीच्या वरच्या टक्केवाऱ्या झळकतात. एवढे गुण मिळवून हाती येते काय, तर दहाबारा हजार रुपयांच्या मूळ भत्त्यापासून सुरू होणारे, नियमित सरकारी नोकर न मानले जाणारे काम. तेव्हा गुण वाढले म्हणून रोजगार वाढत नाही. नोकऱ्या मूठभर असल्या की गुणांची रेषा वर सरकते. नापास झालेला मुलगा आपल्या नालायकीमुळे बेकार आहे आणि पास झालेली मुलगी आपल्या नशिबामुळे अर्धबेकार आहे, असे दोघांनाही पटवून देणे हे या टक्केवारीचे राजकीय कार्य आहे. बेकारीचा जाब सरकारला विचारायचा तो मुले स्वतःच्या गुणपत्रिकेला विचारतात.

ही मुले स्वतःला किती जाब विचारतात, हे तेलंगणाने पाहिले. १८ एप्रिल २०१९ रोजी तेथील इंटरमीजिएट परीक्षेचे निकाल लागले. नऊ लाखांहून अधिक परीक्षार्थी. तीन लाखांहून अधिक अनुत्तीर्ण. निकाल तयार करण्याचे काम एका खाजगी कंपनीला दिलेले होते. हजर मुले गैरहजर दाखवली गेली. तेलुगूत शून्य गुण दाखवलेल्या एका मुलीला फेरतपासणीत ९९ निघाले. पुढील काही दिवसांत वीसहून अधिक मुलांनी जीव दिला. विद्यार्थी संघटना आणि पालक रस्त्यावर उतरले तेव्हा सरकारने चौकशी समिती नेमली आणि नापासांच्या उत्तरपत्रिका विनाशुल्क तपासल्या. हजाराहून अधिक मुले त्यातून उत्तीर्ण ठरली. ज्यांनी वाट पाहिली नाही त्यांचे काय, या प्रश्नाला समितीच्या अहवालात उत्तर असण्याचा प्रश्नच नव्हता. त्याआधी दोन वर्षे, २०१७ साली, तमिळनाडूतील अरियलूर जिल्ह्यातल्या एका दलित हमालाच्या मुलीने बारावीला १२०० पैकी ११७६ गुण मिळवले होते. केंद्रीय पात्रता परीक्षेच्या गुणांनी ते गुण एका दिवसात रद्दबातल ठरवले आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत दाद मागून ती मुलगी त्या वर्षीच्या १ सप्टेंबरला गेली. हीच ती पात्रता परीक्षा, जिचा २०२४ चा निकाल लोकसभेच्या मतमोजणीच्या दिवशी, ४ जूनला, गुपचूप सोडण्यात आला आणि ज्यात ६७ जणांना ७२० पैकी ७२० गुण दिसत होते. वाढीव गुण मागे घेऊन, फेरपरीक्षा घेऊन, शेवटी ती संख्या १७ वर आली. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १३ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या, आणि त्यांत सर्वाधिक महाराष्ट्रातील होते. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांवर आपण मोर्चे काढले, ठराव केले, विधानसभेत आवाज उठवला. या मुलांवर आपल्या किती तालुका समित्यांनी ठराव केला आहे?

श्रीमंत देशांतही चाळणीची जात निराळी नाही. २०२० मध्ये साथीमुळे इंग्लंडमध्ये परीक्षा झाल्या नाहीत, तेव्हा गणकयंत्राच्या सूत्राने श्रेणी ठरवण्यात आल्या. शाळेचा मागील इतिहास त्या सूत्रात होता. शिक्षकांनी दिलेल्या श्रेणींपैकी जवळपास ४० टक्के खाली ओढल्या गेल्या आणि लहान वर्गांच्या खाजगी शाळांना तुलनेने लाभ झाला. मुले निदर्शनांना उतरली. १३ ऑगस्टला लागलेला निकाल १७ ऑगस्टला सरकारला गिळावा लागला. परीक्षा न घेताही वर्गवारी करता येते, हे त्या चार दिवसांत साऱ्या जगाने पाहिले.

केरळचा वाद

कोणी विचारील की जेथे आपण सत्तेत होतो तेथे आपण काय केले? प्रश्न रास्त आहे आणि तो टाळू नये. केरळचा दहावीचा निकाल अनेक वर्षे ९९ टक्क्यांच्या घरात आहे आणि त्यावर उजवी वृत्तपत्रे नेहमी थट्टा करतात. त्या थट्टेत हे लपवले जाते की तेथे पहिलीत गेलेले मूल बहुधा दहावीपर्यंत पोचतेच. महाराष्ट्रातली ९४ आणि केरळमधली ९९ ही निरनिराळ्या छेदांवरची संख्या आहे. तथापि त्या ९९ टक्क्यांत काही मुलांना नीट वाचता-लिहिता येत नाही, ही तक्रार तेथील शिक्षकांतूनही आली. २०२४ साली डाव्या लोकशाही आघाडीच्या सरकारने आठवीपासून सुरुवात करून लेखी परीक्षेत विषयवार किमान ३० टक्के गुणांची अट लागू करण्याचे ठरवले. केरळ शास्त्र साहित्य परिषदेने त्याला जाहीर विरोध केला: किमान गुणांची रेषा पुन्हा आली की आदिवासी, मच्छीमार, दलित वस्त्यांतली मुलेच तिच्याखाली सापडतील, असा तिचा आक्षेप होता.

प्रस्तुत लेखकाला हा आक्षेप निम्मा पटतो. मूल शिकले नाही हे झाकून त्याला वरच्या वर्गात ढकलणे म्हणजे त्याच्यावर दया नव्हे. ती त्याची फसवणूक आहे आणि त्या फसवणुकीची किंमत नेहमी गरिबाचे मूलच मोजते, कारण श्रीमंताच्या मुलाला बाहेर शिकवणी असते. परंतु रेषा आखणे आणि रेषेखालच्याला उचलून वर आणणे ही एकाच आदेशाची दोन वाक्ये असली पाहिजेत. केरळमध्ये २०२५ च्या उन्हाळी सुटीत रेषेखाली राहिलेल्या आठवीच्या मुलांसाठी जादा वर्ग आणि फेरपरीक्षा घेण्यात आल्या. म्हणजे निदान दुसरे वाक्य लिहिले गेले. केंद्र सरकारने डिसेंबर २०२४ मध्ये आपल्या शाळांत पाचवी आणि आठवीला पुन्हा नापास करण्याची मुभा आणली, आणि महाराष्ट्राने तर त्याआधीच ती वाट धरली. नियमांत तेथेही फेरपरीक्षा आहे, जादा मार्गदर्शनाचे शब्द आहेत. पण रिकाम्या वर्गात ते मार्गदर्शन करणार कोण? शिक्षक नेमण्याच्या इच्छेवरून दोन्हींतला फरक ओळखावा.

शाखांनी काय करावे

दीर्घ पल्ल्याच्या मागण्या आपल्या कार्यक्रमात आहेतच: समान शाळा, सहा टक्के, रिक्त पदांची भरती, शाळाबंदीला विरोध. त्यांची उजळणी येथे करत नाही. परंतु निकालाचा दिवस दरवर्षी येतो आणि त्या आठवड्यात शाखेला करता येईल असे पुष्कळ आहे.

एक तर तांत्रिक बाबी. अनुत्तीर्ण मुलांसाठी २०१५ पासून लगेच पुरवणी परीक्षा होते; तिचे अर्ज निकालानंतर थोड्याच दिवसांत शाळेमार्फत भरावे लागतात आणि ज्याची शाळेत जायची लाज वाटते तो मुलगा मुदत चुकवतो. एकदोन विषयांत राहिलेल्यास ‘एटीकेटी’च्या सवलतीने अकरावीत प्रवेश घेता येतो, हे ठाऊक नसलेले पालक कामगार वस्त्यांत आजही भेटतात. गुणपडताळणी, उत्तरपत्रिकेची छायाप्रत, पुनर्मूल्यांकन, प्रत्येकाचे शुल्क निराळे, विषयागणिक निराळे. ज्याला आपल्यावर अन्याय झाल्याचा संशय आहे त्या मजुराच्या मुलीला खात्री करून घ्यायलाच काही दिवसांची मजुरी घालवावी लागते. अनुत्तीर्णांना हे सर्व विनाशुल्क मिळावे ही मागणी तेलंगणात पदरात पडली. ती महाराष्ट्रात का पडू नये? आपल्या विद्यार्थी संघटनेने विभागीय मंडळांवर याच एका प्रश्नावर जावे. अकरावीचा प्रवेश २०२५ पासून राज्यभर संगणकावरून होऊ लागला आहे, आणि ज्याच्या घरी संगणक नाही तो सायबर कॅफेवाल्याला पैसे मोजून पसंतीक्रम भरतो. युनियनच्या कार्यालयातील संगणक त्या पंधरवड्यात दुपारच्या वेळी रिकामाच असतो.

दुसरी गोष्ट सत्काराची. ती बंद करा असे कोणी म्हणत नाही. पण त्याच सभेला सर्व सभासदांच्या दहावीला बसलेल्या सर्व मुलांना बोलवावे, गुणांची यादी वाचू नये, आणि पुस्तक द्यायचे तर सर्वांना द्यावे. जी मुले राहिली त्यांच्या पुरवणी परीक्षेच्या तयारीसाठी आपल्यातले शिक्षक, बँक कर्मचारी, विमा कर्मचारी यांनी महिनाभर संध्याकाळी गणित आणि इंग्रजीचे वर्ग घ्यावेत. मुंबईच्या गिरणगावात दिवसभर राबणाऱ्या तरुणांना रात्रशाळांनी कंदील-दिव्यांच्या काळापासून मॅट्रिकपर्यंत नेले; तशा रात्रशाळा आजही तग धरून आहेत आणि हॉटेलांत, दुकानांत, कुरिअरच्या गोदामांत दिवसभर काम करणारी मुले तेथे येतात. त्यांच्या पाठीशी कोणती कामगार संघटना उभी आहे, याचा शोध मुंबई समितीने घ्यावा. ऊसतोड मजुरांच्या संघटनेत काम करणाऱ्या साथींनी हंगामावर निघणाऱ्या टोळ्यांतील नववी-दहावीच्या मुलींची नावे उचल ठरण्याच्या वेळीच नोंदवून घ्यावीत. मार्चमध्ये परीक्षा असताना ती मुलगी कोणत्या कारखान्याच्या हद्दीत आहे हे मुकादमाला ठाऊक असते, ते शाळेला आणि संघटनेलाही ठाऊक असावे.

आणि निकालाच्या दुपारी, एक ते संध्याकाळपर्यंत, ज्या घरात आई धुण्याभांड्याला आणि बाप कामावर असतो, त्या घरात मूल एकटे राहू नये. चाळीत, वस्तीवर, पाड्यावर कोणाकोणाची मुले यंदा बसली आहेत याची यादी महिला आघाडीच्या कार्यकर्त्यांकडे आदल्या दिवशी तयार असावी आणि त्यांनी घरोघर जाऊन यावे. बोलायला फार काही लागत नाही. आधी जेवलास का हे विचारावे, मग पुरवणीच्या फॉर्मचे बघू म्हणावे. शासनाची टेलि-मानस ही विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालते. तो क्रमांक शाखेच्या फळ्यावर मे महिन्यातच लिहून ठेवावा.